बुडालेल्या खतावणीचा पंचनामा

महाडजवळचे, सावित्रीच्या काठावरील सव हे गाव उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी परिचित आहे. या परिसरात जुन्या घरांचा एक प्रकार असा की, त्याला धड घर म्हणता येत नाही आणि धड दुकानही. उंच जोते, पडवीत फळ्यांच्या दारामागे किराणा, मागे माजघर आणि वर माळा. ही रचना गवंड्याने नव्हे, व्यापाराने ठरविली.

बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी सावित्रीत शिरते. मोटारी येण्यापूर्वी दासगाव-महाडचा माल याच जलमार्गाने येई. पावसाळ्यात समुद्र बंद होत असल्याने चार महिन्यांचा साठा मृगापूर्वीच भरून ठेवणे दुकानदारास भाग असे. तो साठा कोरडा ठेवायचा, राखायचा आणि नदी चढलीच तर रातोरात वर न्यायचा, तर घर व दुकान एकाच छपराखाली असणे क्रमप्राप्तच होते.

मात्र या दुकानाचे खरे भांडवल माळ्यावर नव्हते, खतावणीत होते. भात वर्षातून एकदा घरात येणार, मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर महिन्यातून एकदा. पोट मात्र रोजचे. ही तफावत उधारीने भरून निघे. कोणाचा मुलगा कामाला लागला, कोणाची म्हैस आटली, हे दुकानदारास ठाऊक असे. कोणत्याही बँकेपाशी नसलेली ही माहिती, हेच त्याचे तारण. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी आटल्या, तेव्हा कोकणातील किती चुली अशा वह्यांच्या आधारावर पेटत राहिल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडावयाचा नाही.

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उधारीचा माल महाग पडे आणि वही ज्याच्या हाती, त्याचा शब्दही गावात जड होई. शिवाय ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथील पडव्यांवर सर्वांना सारखी जागा होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

तरीही २२ जुलै २०२१ च्या महापुराने उभा केलेला प्रश्न उरतोच. त्यानंतर राज्य शासनाने ११,५०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात दुकानदारांस नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार रुपये देण्याचे ठरले. भिजलेली साखर मोजता येते, खचलेली भिंत दिसते. पण चिखलात विरलेल्या वहीतील येणे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? ते येणे बुडाले म्हणजे दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचे देणे चुकवू शकत नाही आणि पुढील महिन्यात नवी उधारीही देऊ शकत नाही. जे कुटुंब पुरात वाहून गेलेले नसते, तेही मग उपाशी राहण्याच्या कडेला येते.

आज मोबाईलवरून पैसे चुकते होतात हे खरे. परंतु त्यासाठी खात्यात आधी पैसे असावे लागतात. तेव्हा पंचनाम्यात बुडालेल्या उधारीची नोंद व्हावी आणि ऋणकोंची कबुली पुरावा मानून दुकानदारास सहकारी बँकेचे अल्पव्याजी कर्ज मिळावे. खोट्या वह्या पुढे येतील, ही शंका रास्त आहे. पण कोणाचे कोणाकडे किती येणे, हे गावात झाकून राहत नाही, आणि तलाठ्यालाही ते विचारून घेता येते.