लोखंडी चिलखतात शिरलेला इतिहास

दक्षिण वेल्समध्ये अस्क नदीकाठी कार्लिअन नावाचं छोटं गाव आहे. गावालगत हिरवळीने मढलेलं एक लंबवर्तुळाकार मैदान आहे, भोवती मातीचे उंच बांध. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी कधी या बांधांवर सतरंज्या अंथरून कुटुंबं बसतात. डबे उघडलेले असतात, मुलांच्या हातात लाकडी तलवारी असतात. मग दगडी प्रवेशमार्गातून लोखंड खणखणल्याचा आवाज येतो आणि लाल ढाली घेतलेलं पथक रांगेत आत शिरतं. शिरस्त्राणावर आडवा तुरा मिरवणारा सेंच्युरियन, म्हणजे पथकाचा नायक, लॅटिनमध्ये हुकूम सोडतो. ढाली डोक्यावर आणि चारी बाजूंना जुळतात, माणसं दिसेनाशी होतात आणि कासवासारखा तो व्यूह पुढे सरकू लागतो. बांधावरची पोरं एकदम उठून उभी राहतात.

हे मैदान नाटकासाठी सजवलेलं नाही. इ.स. ७५च्या सुमारास रोमच्या दुसऱ्या ऑगस्टा लीजनने, म्हणजे पाच हजारांहून जास्त सैनिकांच्या फौजेने, इथे कायमचा तळ टाकला. त्यांच्या कवायतींसाठी आणि खेळांसाठी हे अँफिथिएटर बांधलं गेलं. त्यात सुमारे सहा हजार माणसं मावत. पुढे ते मातीखाली गेलं आणि गावकरी त्या खोलगट जागेला राजा आर्थरचं गोलमेज म्हणू लागले. १९२६-२७मध्ये मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हीलर या दांपत्याने ते उकरून काढलं. प्रत्यक्ष खोदकामाचा मोठा भार टेसा यांनी वाहिला. त्यांचं नाव इथे आवर्जून घ्यायला हवं, कारण पतीच्या कीर्तीपुढे ते फार वेळा मागे राहिलं.

चिलखतातली ही माणसं एरवी आपापल्या नोकरीधंद्यात असतात. ब्रिटनमधल्या अशा गटांपैकी जुना आणि मानाचा गट म्हणजे ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’. १९७२मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या विटकम आणि बेंथम या गावांनी इतिहासावरचा एक देखावा बसवला, त्यातून तो जन्मला. जवळून जाणाऱ्या जुन्या रोमन रस्त्याचं नाव गटाने घेतलं. हौस होतीच, पण लवकरच या मंडळींनी स्वतःवर एक शिस्त लादून घेतली. अंगावरची प्रत्येक वस्तू उत्खननात सापडलेल्या अवशेषांशी किंवा रोमन शिल्पांशी ताडून पाहायची, आणि शक्यतो स्वतःच घडवायची.

काळही अनुकूल होता. १९६४मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉर्ब्रिज इथे एक लाकडी पेटी सापडली होती. तिच्यात गंजून एकमेकांना चिकटलेल्या चिलखतांचे तुकडे होते. रोमन सैनिकाचं पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर सगळ्यांनी पाहिलेलं होतं, पण ते जोडलेलं कसं असे हे नीट उलगडलेलं नव्हतं. चामड्याच्या अंगरख्यावर लोखंडी पट्ट्या शिवत असावेत, असा बऱ्याच जणांचा समज होता. लंडन टॉवरच्या शस्त्रागारातले तज्ज्ञ रसेल रॉबिन्सन यांनी कॉर्ब्रिजच्या तुकड्यांवरून हे कोडं सोडवलं. लोखंडी पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांनी जोडलेल्या असत, त्यामुळे माणूस वाकला की चिलखतही त्याच्याबरोबर मिटत असे. रॉबिन्सन यांचं मार्गदर्शन या गटाला लाभलं. कागदावरचा आराखडा अंगावर चढला, तो घालून माणसं चालली, धावली, घामाघूम झाली आणि तो खरोखर चालतो हे दिसलं.

अंगावर घेतल्याशिवाय कळत नाहीत अशा गोष्टी असतात. जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान यांनी १९८५मध्ये साथीदारांसह रोमन सैनिकांच्या वेशात, पाठीवर ओझं घेऊन, इटलीतल्या वेरोनापासून जर्मनीतल्या ऑग्सबुर्गपर्यंत पाचशे किलोमीटरहून जास्त चाल केली, तीही आल्प्स ओलांडून. ढालीचं वजन पुस्तकात किलोमध्ये लिहिलेलं असतं, पण संध्याकाळपर्यंत खांद्याला ते किती होतं हे अशा वाटेवरच समजतं. पादत्राणांचंही तसंच. तळाला लोखंडी खिळे ठोकलेली ही जोडी मातीत घट्ट पकड घेते, पण गुळगुळीत फरशीवर दगा देते. इ.स. ७०मधल्या जेरुसलेमच्या वेढ्याचं वर्णन करताना इतिहासकार जोसेफस जुलियानस नावाच्या सेंच्युरियनची हकिगत सांगतो: शत्रूला एकट्याने पिटाळणारा हा वीर मंदिराच्या फरसबंदीवर जोड्यांच्या खिळ्यांमुळे घसरून पडला आणि मारला गेला. तसेच जोडे घालून फरशीवर पाऊल टाकणाऱ्याला ही हकिगत समजावून सांगावी लागत नाही.

मैदानाबाहेरच्या राहुट्यांत गर्दी थोडी कमी असते, पण खरा खजिना तिथेच आहे. एका राहुटीत आठ सैनिकांची तुकडी राही आणि आपलं धान्य स्वतः दळून रांधत असे. मुलं जात्याचा खुंटा धरतात आणि चार फेऱ्यांत दमतात. पलीकडे वैद्याचे चिमटे मांडलेले असतात. मेणाच्या पाटीवर टोकदार लेखणीने नाव कोरून बघण्यासाठी तर रांग लागते.

रोमन स्त्रियांची केशरचना करून दाखवणारी बाई दिसली, तर तिथे थांबावंच. ते गुंतागुंतीचे अंबाडे टोपाचे असावेत असं अनेक अभ्यासक मानत. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या जॅनेट स्टीव्हन्स यांनी तिथल्या संग्रहालयात सम्राज्ञी जुलिया डोम्नाचा अर्धपुतळा पाहिला आणि घरी येऊन तो अंबाडा घालायचा प्रयत्न केला. वेण्या सुईदोऱ्याने शिवल्या तर सगळी रचना स्वतःच्याच केसांत पक्की बसते, हे त्यांनी दाखवून दिलं. २००८मध्ये त्यांचा लेख रोमन पुरातत्त्वाच्या नामवंत नियतकालिकात छापून आला. हाताच्या कसबाने विद्वत्तेला वाट दाखवल्याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

मुलांना तलवार आवडते, त्यात वावगं काही नाही. पण रोमची फौज वेल्समध्ये जत्रेला आली नव्हती. इथल्या सिल्युरीज जमातीने वर्षानुवर्षं तिच्याशी झुंज दिली. साम्राज्याचा डोलारा गुलामांच्या श्रमावर उभा होता. कौटुंबिक कार्यक्रम म्हणून ही बाजू गाळली, तर मुलांच्या हाती अर्धाच इतिहास लागतो. आणि ती सांगता येणार नाही इतकी अवघडही नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्स इथे रेजिना नावाच्या स्त्रीची स्मृतिशिला आहे. ती दक्षिण ब्रिटनमधल्या कातुवेलौनी जमातीची, आधी गुलाम. सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बराटेसने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिसाव्या वर्षी ती गेली. दगडावर ती सूतकताईची साधनं आणि लोकरीची टोपली घेऊन बसली आहे. लॅटिन लेखाखाली नवऱ्याने पाल्मिराच्या लिपीतही आपला शोक कोरून घेतला. चाती फिरवत एखादीने हा वृत्तांत सांगितला, तर आठ वर्षांच्या मुलालाही साम्राज्य म्हणजे काय ते उमगेल.

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत रोमन काळ शिकवतात, त्यामुळे तिथे वाढणाऱ्या मराठी मुलांनाही तो परका नाही. त्यांच्या आईवडिलांनी रोमन स्वयंपाकाच्या राहुटीत मिऱ्यांची चौकशी जरूर करावी. हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलँडा ठाण्यावर १९७३पासून लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं आणि हिशेब सापडत आले आहेत. त्यातल्या एका हिशेबात मिऱ्यांची नोंद आहे. ती मिरी आली असणार भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून. याच व्यापाराचं वर्णन करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण आणि सोपारा ही बंदरं आहेत. पैठणचे अकीक आणि तेरचं सुती कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंदही त्यात आहे. कार्लिअन उकरणारे मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकामेडू इथे रोमन भांडी शोधून काढली. त्याच दशकात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी रोमन मूर्ती मिळाली. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सुट्टीत आजोळी आलेल्या मुलांना ती तिथे दाखवता येईल.