उंबरठ्यापाशी अडलेलं पुनर्वसन

म्हातारपणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्याच्या प्रयत्नांना आता ऐंशी-नव्वद वर्षं झाली. मोडलेलं हाड जोडणं, झिजलेला सांधा बदलणं, लुळ्या पडलेल्या हातात थोडी ताकद आणणं हे सगळं या काळात आपल्याला चांगलं जमू लागलं. पण ज्याचा तो हात आहे, त्याला पुन्हा चारचौघांत नेऊन बसवायचं काम अर्ध्यावरच राहिलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं सगळं कामाचं आयुष्य वयस्कर माणसांच्या घरी जाण्यात गेलं. मागे वळून पाहताना ही उणीव मला सगळ्यात जास्त सलते.

खरं तर सुरुवात फार चांगली झाली होती. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या गरिबांसाठीच्या जुन्या दवाखान्यातले सातशेहून अधिक रुग्ण सोपवले गेले. त्यांतले बरेच जण वृद्ध होते, वर्षानुवर्षं खाटेवर पडून होते, आणि ते आता उठणार नाहीत असं सगळे धरूनच चालले होते. वॉरनबाईंनी एकेकाला नीट तपासलं आणि व्यायाम सुरू केले. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी वॉर्डही बदलला. भिंतींना उजळ रंग दिला, चांगले दिवे लावले, धरून चालायला कठडे बसवले. कित्येक जण उठून चालू लागले, काही घरी गेले. त्यांच्या १९४३ आणि १९४६ मधल्या लेखांवर पुढे जेरिअ‍ॅट्रिक्स ही वैद्यकशाखा उभी राहिली. अंधाऱ्या खोलीत पडलेल्या माणसाला उठावंसंच वाटत नाही, ही जाण या शाखेच्या मुळाशीच होती.

आपल्याकडे पुनर्वसन आलं ते प्रामुख्याने पोलिओच्या मागोमाग. मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते पन्नासच्या दशकात आणि हाजी अलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था १९५५ मधली. कॅलिपर लावलेली मुलं शाळेत जावीत, अपघातात पाय गेलेला कामगार कामावर परतावा, हे त्या काळाचं ध्येय होतं आणि ते योग्यच होतं. पण त्यात आजी-आजोबा कुठे बसणार? त्यांना ना शाळेत जायचं, ना कामावर. वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग देशात पहिल्यांदा निघाला तो १९७८ मध्ये, मद्रासच्या सरकारी रुग्णालयात, डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने. इतरत्र बराच काळ केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ एवढं लिहिलं की विषय संपायचा.

मोजमापांनीही आपल्याला असंच घडवलं. १९६५ पासून जगभर वापरात असलेल्या बार्थेल निर्देशांकात दहा गोष्टी पाहतात: जेवण, अंघोळ, कपडे, संडास, जिने वगैरे. या परीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळवणारी, पण वर्षभरात बिल्डिंगचं फाटक न ओलांडलेली माणसं मी पाहिली आहेत. पडण्याच्या भीतीची दखल घेतली जाऊ लागली ती फार नंतर. १९८२ मध्ये मर्फी आणि आयझॅक्स या संशोधकांनी पडलेल्या वृद्धांबद्दल लिहिलं, की काही जणांचे पाय आणि नसा धड असूनही ते कशाला तरी घट्ट धरल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. १९९० मध्ये मेरी टिनेटी यांनी या भीतीसाठी दहा प्रश्नांची मोजपट्टी केली. न पडता अंघोळ करता येईल, दार उघडायला जाता येईल, असा विश्वास तुम्हाला कितपत वाटतो, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. फार उपयोगाचं काम झालं ते. मात्र पाटावर बसून उठणं, भारतीय पद्धतीचा संडास, मोरीतल्या ओल्या फरशीवर बादली उचलणं हे त्यात नाही. आमच्या पेशंटची भीती नेमकी तिथेच असते.

ठळक आठवण आहे ती खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींची. ऑपरेशन उत्तम झालं होतं. वॉकर घेऊन त्या पॅसेजमध्ये पाच-सहा फेऱ्या मारायच्या, तेही मी आहे म्हणून. एरवी पलंगावर. सून मनापासून करणारी होती. चहा हातात, केस विंचरून, पांघरूण नीट करून. ‘आई, तुम्ही बसा, मी आहे ना.’ हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडायचं, आणि आजी आणखी आणखी पलंगात रुतत जायच्या. पायात ताकद होती. पण सकाळी उठून करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काय चुकल्यासारखं वाटतं, असं विचारल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘देवपूजा.’ खाली बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली, देव्हारा जमिनीलगत. तो कमरेच्या उंचीवर घ्यावा, असं मी सुचवलं. मुलाला ते पटेना. जागा वडिलांनी ठरवलेली होती. आजींनाही उभ्याने पूजा म्हणजे अपमान वाटत होता. शेवटी त्यांच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीने निकाल लावला. ‘पंढरीत तो स्वतःच उभा आहे, तू उभी राहिलीस तर त्याला काय वाटणार आहे?’ पुढच्या आठवड्यात देव्हारा वर आला. मग फुलं आणायला बाल्कनीपर्यंत, तुळशीला पाणी घालायला, पुढे खालच्या हॉलमध्ये भजनापर्यंत. व्यायाम मी आधी दिले होते तेच होते.

लाजेचं ओझं भीतीपेक्षाही जड असतं, असं माझं मत होत गेलं आहे. पक्षाघातानंतर बोलताना अडखळणारे, तोंडातून लाळ गळणारे आजोबा घरात फिरतात, पण कट्ट्यावर जात नाहीत, कारण तिथे त्यांना ‘साहेब’ म्हणणारे लोक बसलेले असतात. काठी घ्यायला नकार देणारे बहुतेक पुरुष, आणि परक्या पुरुषाने हात धरून चालवायला नकार देणाऱ्या बहुतेक स्त्रिया. कोणी डायपरच्या वासाच्या धास्तीने लग्नकार्याला जात नाही. अनेक जण तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून उपचार थांबवतात, आणि खरं कारण असतं मुलाच्या खिशातून जाणारे पैसे. ते ओठांवर येतच नाही.

या सगळ्यावर समूह किती प्रभावी ठरतो, हे पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांनी दाखवून दिलं. शतक पालटलं त्या सुमारास पार्किन्सन्स मित्रमंडळ सुरू झालं. हात थरथरणारी माणसं हात थरथरणाऱ्या माणसांमध्ये येऊन बसली आणि पेला सांडला तरी कोणी वळून पाहीना. तिकडे ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. इकडे २०१० च्या सुमारास नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यातल्या रुग्णांना नाचायला लावलं. सत्तरीतली माणसं तालावर पाय टाकतात, दर आठवड्याला तयार होऊन घराबाहेर पडतात. ते बाहेर पडणं हाच मला अर्धा उपचार वाटतो.

घरच्यांवर सगळं सोपवून भागेल का, याचं उत्तर देणारा मोठा अभ्यास भारतातच झाला. अटेंड नावाच्या या चाचणीत १४ रुग्णालयांतले १,२५० पक्षाघाताचे रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचं शिक्षण देण्यात आलं. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. आमच्या क्षेत्रात अनेकांना याने धक्का बसला. मी त्याचा अर्थ असा लावते: घरच्यांना व्यायाम शिकवता येतात, पण त्यांची स्वतःची धास्ती, दमणूक आणि अतिकाळजी तशीच राहिली, तर व्यायामांचा कागद नुसता फ्रिजवर चिकटून राहतो. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या फोकस चाचणीने दुसरी एक आशा मोडली. पक्षाघातानंतर सहा महिने फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिल्याने नैराश्य कमी झालं, पण हालचाल आणि स्वावलंबन सुधारलं नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. ज्याला नैराश्याचा आजार आहे, त्याला औषध हवंच. पण गोळी दिली की माणूस आपोआप उंबरठा ओलांडेल, असं नाही.

मग २०२० आलं. वयस्कर माणसांनी घराबाहेर पडायचं नाही, असं सांगितलं गेलं आणि आमचं घरी जाणंही थांबलं. मोबाइलच्या पडद्यावरून व्यायाम घेतले. काहींना ते जमलं, पुष्कळांना नाही. टाळेबंदी उठल्यावरही कट्ट्यांवर काही जागा रिकाम्याच राहिल्या. तिथे बसणारे सगळेच गेलेले नव्हते. काही जण फक्त परत आले नव्हते. २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्यांपैकी सुमारे ८.३ टक्के लोकांत नैराश्याची ठळक लक्षणं आढळली होती, आणि ती पाहणी कोविडच्या आधीची होती.

सरकारी पातळीवर कागद कमी नाहीत. १९९९ चं वृद्धविषयक राष्ट्रीय धोरण, २००७ चा आई-वडिलांच्या चरितार्थाचा कायदा, २०१० पासूनचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम. २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना मर्यादा आली, त्याचा अनेकांना खरोखर फायदा झाला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं संरक्षण मिळालं, हेही मोठं पाऊल आहे. पण या योजनेत घरी सोडल्यानंतरचा खर्च धरला जातो तो फक्त १५ दिवसांचा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाची भीती पंधरा दिवसांनी जेमतेम तोंड वर काढू लागलेली असते. ही मुदत निदान तीन महिन्यांची व्हायला हवी, आणि त्यात समुपदेशनाच्या भेटीही धरायला हव्यात.

तोवर गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे हजेरीची वही असते. महिनाभर ज्यांची सही नाही, त्यांच्या घरी दोघांनी मिळून जा. तब्येतीची चौकशी करून परत येऊ नका. पुढच्या बैठकीला न्यायला कोण येणार, किती वाजता, आणि जिना उतरताना हात कोण धरणार, हे तिथेच ठरवून या.