नर कुत्र्याची नसबंदी शस्त्रक्रियेविना? समजून घ्या हार्मोन इम्प्लांटचे गणित

यवतमाळ : पुसद असो, वणी असो की यवतमाळ शहर, मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला की ‘एखादे इंजेक्शन देऊन टाका ना’ असा सल्ला हमखास मिळतो. नर कुत्र्यांसाठी असे औषध खरोखरच आहे. पण ते गल्लीतल्या कुत्र्यांवर चालेल का?

औषध कोणते?

डेस्लोरेलिन. सुमारे सव्वा सेंटीमीटर लांबीची ही कांडी पशुवैद्यक सुईने मानेमागच्या सैल कातडीखाली सोडतात. भूल लागत नाही, टाकेही नाहीत. युरोपीय महासंघाने २००७ मध्ये ‘सुप्रेलोरिन’ या नावाने त्याला मान्यता दिली.

काम कसे करते?

मेंदूतून जीएनआरएच हे हार्मोन थांबून थांबून सुटते. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी वृषणांना कामाला लावते. डेस्लोरेलिन त्याच हार्मोनसारखे असते, पण अखंड झिरपते. दारावरची बेल दिवसभर वाजत राहिली तर घरचे लक्ष देणे सोडतात. पिट्युटरीचेही तसेच होते. टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्राणू तयार होणे थांबते.

परिणाम कधी दिसतो?

लगेच नाही. सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढते.

• ४.७ मिलिग्रॅम : ६ आठवड्यांनंतर परिणाम, किमान ६ महिने टिकतो
• ९.४ मिलिग्रॅम : ८ आठवड्यांनंतर परिणाम, किमान १२ महिने टिकतो

तोवर नराला माजावरच्या मादीपासून दूर ठेवावे लागते. औषधाचा असर ओसरला की प्रजननक्षमता परत येते.

मोकाट कुत्र्यांसाठी का नाही?

• तोच कुत्रा दर ६ किंवा १२ महिन्यांनी पुन्हा पकडावा लागेल.
• एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहापैकी नऊ नर रोखले तरी उरलेला एक पुरेसा असतो. त्यामुळे संख्या घटवायची तर माद्यांची नसबंदी महत्त्वाची.
• इम्प्लांटने रेबीज टळत नाही. त्यासाठी लस वेगळी द्यावीच लागते.

नियम काय सांगतो?

२०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १२.७६ लाख मोकाट कुत्री आढळली. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार त्यांची नसबंदी व रेबीज लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. शस्त्रक्रिया झालेला कुत्रा कानाच्या खाचेवरून ओळखता येतो. तुमच्या वॉर्डात अशा खाचा किती दिसतात, हे मोजून नगर परिषदेला विचारता येईल.

मग उपयोग कोणाला?

घरच्या किंवा शेतावरच्या नराला. वय किंवा आजारामुळे भूल देणे धोक्याचे असेल, किंवा पुढे पिल्ले हवी असतील, तर पशुवैद्यकाशी बोला.

लक्षात ठेवा : कुत्रा चावल्यास जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लक्षणे दिसल्यानंतर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते.