सरकी टोबताना पौल आठवतो

मुकुटबनकडच्या काळ्या मातीत सरकी टोबायची आणि आभाळाकडे बघायचं. पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी येते, बियाण्याचे पैसे पुन्हा उभे करावे लागतात. म्हणूनच ईस्टर म्हटलं की मला करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय आठवतो. तिथं पुनरुत्थान समजावताना पौल दाखला देतो तो बियाण्याचाच: मातीत जातं ते एक, उगवतं ते निराळं.

गंमत पुढे आहे, माझ्या फार उशिरा लक्षात आली. एवढा मोठा अध्याय स्वर्गाच्या वर्णनावर संपत नाही. तुमचे श्रम वाया जाणार नाहीत, या भरवशावर संपतो! आणि 16वा अध्याय थेट यरुशलेमच्या लोकांसाठी गोळा करायच्या वर्गणीने सुरू होतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायातही तेच. रात्रभर जाळी रिकामी, आणि पहाटे पुनरुत्थित ख्रिस्त काठावर कोळशाच्या विस्तवावर मासे ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा मात्र तशाच. दुःख खोटं होतं असं ही श्रद्धा म्हणत नाही, ते इथूनच, असं मला वाटतं.



श्रम वाया जाणार नाहीत हाच भरवसा जगल्या त्या केडगावच्या पंडिता रमाबाई. 1921मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ते हातावेगळं करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले.