आधी जपलं, मग उलगडलं

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात डम्फ्रीज अँड गॅलोवे नावाचा मुलूख आहे. उत्तरेला गवताळ डोंगर, दक्षिणेला सॉल्वेची उथळ खाडी आणि खाडीपलीकडे इंग्लंड. इथला एक माणूस मराठी वाचकाला नावानं तरी ठाऊक असतो. 1827 ते 1830 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले आणि महाबळेश्वरच्या माल्कमपेठेला आपलं नाव देऊन गेलेले सर जॉन माल्कम हे लँगहोमजवळच्या बर्नफूटचे. माल्कम मुंबईचा कारभार पाहत होते, त्याच सुमारास त्यांच्या जिल्ह्यातल्या रुथवेल या खेड्यातले एक पाद्री दोन कोड्यांत गुंतले होते. एक कोडं अकराशे वर्षांपूर्वीचं होतं, दुसरं कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. त्यांना दोन्ही सुटली नाहीत. तरीही या भागातल्या संशोधनाची गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू करावी लागते.

हेन्री डंकन 1799 मध्ये रुथवेलच्या चर्चचे धर्मोपदेशक झाले. बँकांच्या इतिहासातही त्यांचं नाव आहे. मोठ्या बँका गरिबांच्या किरकोळ शिलकेला दारात उभं करत नसत, म्हणून 1810 मध्ये त्यांनी गावातच बचत बँक काढली. सहा पेन्सपासून तिथं खातं उघडता येई. पै-पै जपणाऱ्या या माणसानं गावातले फुटके दगडही तितक्याच निगुतीनं जपले.

ते दगड आठव्या शतकातल्या एका क्रूसाचे होते. साडेपाच मीटर उंचीचा हा क्रूस स्कॉटलंडच्या चर्चमधल्या मूर्तिविरोधी लाटेत, 1642 च्या सुमारास, फोडला गेला. डंकन यांनी तुकडे गोळा करून 1823 मध्ये तो आपल्या निवासाच्या बागेत पुन्हा उभा केला. आडव्या भुजांचा दगड मिळेना, तेव्हा गावच्या गवंड्याच्या मदतीनं नवा बसवला. माथ्याचा दगड मात्र उलट बाजूनं बसला आणि आजही तसाच आहे. 1887 पासून क्रूस चर्चच्या आत आहे. उंची मावावी म्हणून त्याच्याभोवतीची जमीन खोल करावी लागली.

जवळ जाऊन पाहिलं, की रुंद बाजूंवर चौकटी दिसतात. एका चौकटीत येशूचे पाय आपल्या केसांनी पुसणारी मेरी मॅग्डलीन आहे. अरुंद बाजूंवर खालून वर चढत गेलेली वेल आहे. तिच्या वळणावळणावर पक्षी आणि प्राणी बसून फळं टोचताहेत, कुरतडताहेत. वेलीच्या कडेच्या पट्टीवर उभ्या-तिरक्या रेघांची रून अक्षरं आहेत. डंकन यांना ती वाचता येत नव्हती. त्यांनी चित्रं काढली, क्रूसाचा सविस्तर वृत्तांत लिहिला आणि एडिंबरोच्या पुराणवस्तू मंडळाकडे दिला. कोपनहेगनचे विद्वान फिन मॅग्नुसेन यांनी त्यावरून केलेलं वाचन साफ चुकलं. अखेर 1840 मध्ये जॉन केंबल यांनी दाखवून दिलं, की भाषा जुनी इंग्रजी आहे आणि मजकूर पद्याचा आहे. इटलीतल्या व्हेर्चेल्लीच्या ग्रंथालयात सापडलेल्या हस्तलिखितात तेच काव्य विस्तारानं मिळालं. ‘द ड्रीम ऑफ द रूड’ या त्या काव्यात ख्रिस्ताचा क्रूस स्वतः आपली कहाणी सांगतो.

दुसरं कोडं लॉकमेबनजवळच्या कॉर्नकॉकल मुइर या खाणीतून आलं. तिथल्या लाल वालुकाश्माच्या थरांवर पावलांचे ठसे दिसत. खाणीतल्या थरांचा उतार चांगलाच तीव्र. ठसे त्यावरून वर तरी जात किंवा खाली तरी येत, आडवे क्वचितच. डंकन यांनी ही बारीक गोष्ट टिपली आणि ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांना ठशांचे साचे पाठवले. बकलंड यांनी कासवं आणि मगर यांना मऊ कणकेवरून, ओल्या वाळूवरून चालवून पाहिलं. कणीक इतकी चिकट निघाली की कासवांचे पाय तिच्यात रुतले आणि ती पुन्हा मळावी लागली. निष्कर्ष निघाला, की हे ठसे कासवांचे असावेत. जानेवारी 1828 मध्ये डंकन यांचा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. जीवाश्म पाऊलखुणांवरच्या अगदी सुरुवातीच्या शास्त्रीय लेखनात त्याची गणना होते.

कासवांचा निष्कर्ष टिकला नाही. पर्मियन कालखंडात हा सारा भाग वाळवंट होता. तीव्र उताराचे ते थर म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या घसरणी, आणि ठसे सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजांच्या गोतातल्या जीवांचे, असं आज मानलं जातं. त्या खडकात हाडं मिळत नाहीत. त्या जीवांचा पुरावा म्हणजे हे ठसेच.

ही खाण ज्यांच्या जहागिरीत होती, ते सर विल्यम जार्डिन पक्षिशास्त्रज्ञ होते. ‘नॅचरलिस्ट्स लायब्ररी’ या 40 खंडांच्या मालेचे ते संपादक. त्यांनी 1853 मध्ये अ‍ॅनंडेलमधल्या ठशांवर मोठ्या चित्रांचा ग्रंथ काढला. 1862 मध्ये डम्फ्रीजला निसर्ग आणि पुराणवस्तू यांच्या अभ्यासाचं मंडळ स्थापन झालं, तेव्हा पहिले अध्यक्षही तेच झाले. एकाच मंडळात शेवाळं, शिलालेख, पक्षी आणि गढ्या! मंडळाचं नियतकालिक आजही निघतं.

अशा नोंदींचं मोल कधीकधी फार उशिरा कळतं. 1907 मध्ये कीटकशास्त्रज्ञ फ्रँक बाल्फोर-ब्राउन यांना सॉल्वेच्या किनाऱ्यावरच्या खाजणातल्या एका डबक्यात ट्रायॉप्स हा ढालीसारख्या पाठीचा, तीन डोळ्यांचा कवचधारी जीव सापडला. पुढं ते डबकं समुद्रानं गिळलं आणि 1948 नंतर हा जीव स्कॉटलंडमधून नाहीसा झाल्याचं धरलं गेलं. 2004 मध्ये कॅरलॅव्हरॉकच्या पाणथळ राखीव क्षेत्रात, नॅटरजॅक भेकांचा अभ्यास चालू असताना, तो पुन्हा दिसला. त्याची अंडी सुकलेल्या चिखलात वर्षानुवर्षं तग धरतात. जुनी नोंद नसती, तर हे पुनरागमन आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

रून अक्षरांनाही या मुलखात पुढचा अध्याय मिळाला. 2014 मध्ये धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला इसवी सन 900 च्या सुमारास पुरलेला, आज ‘गॅलोवे होर्ड’ म्हणून ओळखला जाणारा साठा सापडला. राष्ट्रीय संग्रहालयानं तो 2017 मध्ये 19 लाख 80 हजार पौंडांना घेतला. त्यातल्या काही चांदीच्या कड्यांवर रून अक्षरं आहेत. एका कड्यावरच्या ओळीचा ‘ही समुदायाची मालमत्ता’ असा अर्थ लागायला दहा वर्षं गेली.

डंकन यांचं कासव गेलं, मॅग्नुसेन यांचं वाचन गेलं. उद्या कड्यावरच्या ओळीचा अर्थही बदलू शकेल. पण या दोन शतकांतली प्रत्येक दुरुस्ती कुणीतरी आधी करून ठेवलेल्या चित्रांवर, साच्यांवर आणि नोंदींवरच झाली. स्थानिक अभ्यासकाला सगळं कळलंच पाहिजे असं नाही. जे कळलं नाही ते फेकून न देता मोजून, रेखून, छापून ठेवलं, तर पुढच्याला निदान चूक दुरुस्त करता येते.