प्रश्न विद्यार्थ्यांचाच हवा

परभणीच्या काळ्या जमिनीला पावसाळा सरल्यावर भेगा पडू लागतात. ‘त्या किती खोल जातात?’ असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, तर शिक्षकांनी उत्तराची घाई करू नये; तोच तिचा वर्षभराचा प्रकल्प होऊ द्यावा. प्रश्न मोजता येईल असा करण्यापुरतीच मदत करावी. एक भेग निवडून शेजारी खुंटी ठोकावी. दर आठवड्याला पट्टीने रुंदी व काडीने खोली मोजावी. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते, सुकल्यावर आकसते. हे कारण नोंदी साठल्यावर सांगावे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुलांनी असेच स्थानिक प्रश्न हाताळले आहेत. एखादा आठवडा चुकला, तर रकाना कोराच ठेवावा. अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा तो आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.