शिलोंड्याच्या ओढ्याकाठी

मुंबईत नदी आहे, असे सांगितले तर मुलांना हसू येते. त्यांनी पाहिलेला असतो तो नाला. अशा मुलांना घेऊन एखाद्या रविवारी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जावे आणि शिलोंड्याच्या ओढ्याकाठची पायवाट धरावी. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलात मी पुष्कळ भटकलो आहे; पण पाण्याचे गणित या वाटेइतके सोपे करून कुठेच समजले नाही.

वाट अवघड नाही. ऐन, कळंब, साग यांच्या सावलीतून ती जाते आणि पाण्याची खळखळ कानावर पडू लागते. पावसाळा ओसरत आला की पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे मोजावेत. वर निवळ्या धावत असतात. काठच्या उंबरावर पाखरांची लगबग असते. ऐन पावसाच्या दिवसांत ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून राहणारा तिबोटी खंड्या नशिबाने दिसतो. उतारावर करवी दाटलेली असते. ती फुलते आठ वर्षांनी एकदा. 2016 साली हे डोंगर तिने जांभळे करून टाकले होते.

आता वाकून पालापाचोळा थोडा बाजूला करावा. खालची माती ओलसर, भुसभुशीत लागते. पावसाचा मारा झाडे अंगावर घेतात, पाचोळा पाणी धरतो आणि मुळांच्या वाटेने ते जमिनीत मुरते. म्हणूनच पाऊस थांबल्यावरही काही काळ ओढा वाहत राहतो. हे मर्म इथल्या जुन्या रहिवाशांना ठाऊक होते. जवळच्या कान्हेरीला भिक्षूंनी शंभराहून अधिक लेणी खोदली, आणि त्यांच्याबरोबर पाण्याची टाकीही. तिथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पुढे इंग्रजी अमलात, 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव याच रानात बांधून झाले. मुंबई आजही त्यांचे पाणी पिते.

तुळशीच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी जंगलातल्या अशाच ओढ्यांवर पोसली जाते. बारा-एक किलोमीटर धावून ती मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानाची हद्द ओलांडेपर्यंत ती नदी असते. पुढे सांडपाणी, तबेल्यांचे शेण आणि प्लॅस्टिक तिच्या पदरात पडते; दोन्ही काठ भिंतींनी आवळले जातात. 26 जुलै 2005 च्या पुराने, पाण्याला जागा ठेवली नाही तर ते घरात शिरते, हे सगळ्या शहराला दाखवले. तरी नदी म्हटले की आपल्याला भिंतच आठवते, काठावरचे झाड आठवत नाही.

या वाटेवर वनखात्याची परवानगी आणि माहीतगार माणूस घेऊनच जावे. हे बिबट्याचे रान आहे. गडबड, गाणी नकोत. परतताना मात्र मुलांना दहिसरच्या पुलावर घेऊन जा आणि खालचे काळे पाणी दाखवा. सकाळी पाहिलेल्या पाण्याचीच ही जातकुळी, एवढेच सांगा. पुढचे प्रश्न ती विचारतील. उत्तरे द्यायची जबाबदारी आपली.